चोवीस टोप्या

१

"तेवीस," गाईड म्हणाला.

बसच्या पुढच्या पायरीवर उभा राहून त्यानं बोट नाचवत पुन्हा मोजलं. पुन्हा तेवीस. बारा जोडपी, चोवीस माणसं, चोवीस पिवळ्या टोप्या, असा या तीन दिवसांच्या शहरदर्शनाचा सरळ हिशोब होता. सीटांच्या पाठी इतक्या उंच, की पुढून चेहरे दिसायचे नाहीत, वर आलेल्या टोप्या तेवढ्या दिसायच्या. म्हणून गाईड माणसं मोजतच नसे. पिवळं मोजायचं, मान डोलवायची, बस सोडायची.

"कोण राहिलं हो? कोणाची जोडी फुटली?" त्यानं थट्टेत विचारलं.

दुसऱ्या रांगेतल्या टेलरबाईंनी मागे वळून पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच. शेवटच्या रांगेतली खिडकीजवळची जागा रिकामी होती.

"आमचे हे," त्या म्हणाल्या, आणि आपला आवाज इतका बारीक कसा आला याचं त्यांनाच नवल वाटलं.

'हे' म्हणजे घड्याळजी. गेली सव्वीस वर्षं एकाच गाळ्यात अर्ध्या भागात बाईंचं शिलाई मशीन आणि उरलेल्या अर्ध्यात यांची घड्याळं. लग्नानंतर नुसतं फिरायला म्हणून निघालेले हे पहिल्यांदाच. जोडून सुट्टी आली, मुलीनं हट्टानं तिकिटं काढून दिली, "आईबाबा, जरा जग बघा." जग बघायला निघाले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी टोस्ट खाता खाता भांडले.

भांडण कशावरून, तर पेपरमिंटच्या गोळ्यांवरून! घड्याळजींना नऊ वर्षं मधुमेह. सकाळी आणि दुपारी खाण्याआधी इन्शुलिनची सुई. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा हा माणूस सुईला मात्र लहान पोरासारखा घाबरायचा, म्हणून टोचायचं काम बाईंचं आणि सुयांची पिशवीही बाईंच्या पर्समध्ये. साखर एकदम उतरलीच तर हाताशी असाव्यात म्हणून डॉक्टरांनी खिशात चार गोळ्या ठेवायला सांगितल्या होत्या. हे गृहस्थ त्या येताजाता चघळायचे आणि गुपचूप खिसा पुन्हा भरायचे. आज बाईंनी खिसा चाचपला तर निघाल्या सात. बाईंचा पारा चढला. "औषध म्हणून दिल्यात की खाऊ म्हणून?" असं म्हणत त्यांनी सातही काढून घेतल्या.

"घे. तुलाच लखलाभ," म्हणत घड्याळजी अर्धा टोस्ट बशीत टाकून उठले. सुई टोचून झालेली, पोटात अर्धाच टोस्ट. बसमध्येही बाईंच्या शेजारी न बसता थेट मागच्या रांगेत जाऊन बसले. बसा म्हणावं, बाई मनात म्हणाल्या. आपलंच खरं करायची सवय दोघांनाही, त्यामुळे वळून बघायचं कोणी हा प्रश्नच होता.

आता त्या सात गोळ्या पर्समध्ये होत्या आणि नवऱ्याचा पत्ता नव्हता. साखर उतरली की या माणसाला दरदरून घाम फुटायचा, बोलणं अडखळायचं, आणि वेळेत काही गोड तोंडात पडलं नाही तर शुद्ध जायची. मागे एकदा तसं झालं होतं. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, अजून तासभर उशीर झाला असता तर उपयोग नव्हता.

बाईंनी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

बस घड्याळाच्या उंच मनोऱ्यापाशी उभी होती. मनोऱ्याच्या पाठीमागून नदी वाहत होती. गाईड आणि ड्रायव्हर धावत वर गेले. दहा मिनिटांनी गाईड एकटाच खाली आला. त्याच्या हातात एक पिवळी टोपी होती.

"वर कठड्यापाशी पडली होती, काकू," तो म्हणाला. "नदीच्या बाजूला."

२

तिकीट खिडकीमागच्या खोलीत इन्स्पेक्टर मॅडम बसल्या होत्या. चाळिशीच्या, शांत, दुसऱ्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत गप्प राहणाऱ्या. नदीत होडी उतरवली होती. बाईंनी खिडकीकडे पाठ केली. तिकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती.

"सकाळी भांडण झालं होतं म्हणे?" मॅडमनी विचारलं.

"झालं होतं. पण त्यासाठी कोणी जीव देत नाही हो. तसं असतं तर आम्ही दोघंही पंचवीस वर्षांपूर्वीच संपलो असतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गाईडकडे पाहिलं. "नीट सांग. तुझा आकडा कुठे बरोबर होता आणि कुठे चुकला?"

"सकाळी हॉटेलातून निघालो तेव्हा चोवीस," गाईड म्हणाला. "मग आम्ही जमिनीखालचं जुनं जलकुंड बघितलं. चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरून जायचं. बारा वाजता तिथून निघालो, तेव्हा मोजले, चोवीस. सुट्टीच्या गर्दीत शहराला वळसा घालत आलो, वाटेत कुठेच थांबलो नाही. जेवणाची पाकिटं बसमध्येच हातोहात मागे सरकवली. दोन वाजता इथे आलो, तीनला मोजले, तर तेवीस."

"म्हणजे माणूस इथेच गेला," मॅडम म्हणाल्या.

हे तर शेंबडं पोरही सांगेल. बाईंनाही ते पटलं होतं. गुडघ्यांमुळे त्या जलकुंडात उतरल्या नव्हत्या, बसमध्येच बसून राहिल्या होत्या, आणि सगळे परत चढले तेव्हा रागानं तोंड खिडकीकडे फिरवून. बस निघताना पहारेकऱ्यानं दाराला साखळी लावून 'मंगळवारी उघडेल' अशी पाटी अडकवली, तेही त्यांनी पाहिलं होतं. सुट्टीच होती ना सगळ्यांना. मग ड्रायव्हरच्या मोठ्या आरशात त्यांनी चोरून मागे नजर टाकली होती. शेवटच्या रांगेत पिवळी टोपी दिसली होती. दोन तास ती टोपी इकडची तिकडे हललीसुद्धा नाही. केवढा तो राग, असं त्यांना वाटलं होतं.

"शेवटचं कोणी पाहिलं त्यांना?"

"मी," काठीवाले म्हणाले.

काठीवाले म्हणजे जुन्या वस्तूंचे व्यापारी. चांदीच्या मुठीची काठी, गुळगुळीत दाढी, बोलणं साखरेत घोळवलेलं. ते आणि त्यांची मुकी वाटावी इतकी गप्प बायको, दोघं शेवटच्या रांगेत, घड्याळजींच्या शेजारी बसायचे. "वहिनी, मला फार वाईट वाटतं. आम्ही दोघं बरोबरच वर चढलो. नंतर मी खाली आलो, ते म्हणाले मी जरा थांबतो. मन थाऱ्यावर नव्हतं हो त्यांचं."

शेजारी रिटायर्ड हेडमास्तर उभे होते. त्यांनी मान हलवली. "कालपर्यंत तर खुशीत होते. जेवताना काठीवाल्यांनी मला दाखवलेलं खिशातलं घड्याळ कानाशी धरून ऐकत होते. दोनशे वर्षांपूर्वीचं आहे ते. आज संध्याकाळी मी घेणार आहे. घड्याळजी म्हणाले, सर, घ्यायच्या आधी मला एकदा दिवसाउजेडी उघडून बघू द्या."

बाईंना ते आठवलं. काल खोलीत आल्यावर घड्याळजी एवढंच म्हणाले होते, "टिकटिक तरणी वाटते गं." बाई म्हणाल्या होत्या, मग सांगायचं ना तोंडावर. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "उघडून बघितल्याशिवाय मी कोणाच्या घड्याळाला खोटं म्हणत नाही."

पण आत्ता बाईंच्या डोक्यात एकच घोर होता. "त्यांनी जेवण तरी केलं होतं का?" त्यांनी गाईडला विचारलं. "सकाळची सुई अजून अंगात आहे त्यांच्या. खाल्लं नसेल तर साखर उतरेल."

"जेवले ना, काकू! सगळे उतरल्यावर पाकिटं मीच गोळा केली. मागचं एकूण एक रिकामं. सँडविच नाही, केळं नाही, केकचा कणसुद्धा नाही."

बाईंनी सुटकेचा श्वास घेतला. आणि तो श्वास तिथेच अडकला.

सुईशिवाय?

३

नऊ वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. भांडण असो, पाहुणे असोत, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असो, घड्याळजी सुईशिवाय घास तोंडात घालत नसत. अबोला असला की मुकाट्यानं येऊन सदऱ्याची बाही वर करून उभे राहायचे, तोंड दुसरीकडे फिरवून. आज जेवणाची पाकिटं आली तेव्हाही बाई पर्सची चेन उघडून वाट बघत बसल्या होत्या. आता येतील, मग येतील. आले नाहीत. अडून बसलेत, असं त्या धरून चालल्या.

आले नाहीत, कारण ते बसमध्ये नव्हतेच!

मग आरशात दिसली ती कोणाची टोपी?

"मॅडम, ती टोपी मला जरा बघू द्या."

मॅडमनी प्लास्टिकची पिशवी पुढे केली. बाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि टोपी उलटी केली. कालच हॉटेलात त्यांनी ती आत घेतली होती. घड्याळजींचं डोकं लहान, टोपी डोळ्यांवर यायची. मागच्या बाजूला निळ्या दोऱ्यानं दुहेरी टाका घालून त्यांनी चांगली दोन बोटं चिमटली होती. आता तो दोरा तुटला होता. कापलेला नव्हता, तुटलेला. सुईची भोकं ताणून लांबोळी झाली होती.

"हा माझा टाका आहे. यांच्या डोक्यावर टोपी बेतशीर बसत होती, तिला ओढ बसायचं कारणच नाही. ही कशावर तरी ताणून बसवली आहे. डोक्यापेक्षा रुंद अशा कशावर तरी."

"वाऱ्यानं उडाली असेल, कुठेतरी अडकली असेल," काठीवाले हळूच म्हणाले. "वहिनी, तुम्ही जरा बसून घ्या. पाणी आणू का?"

ते जवळ येऊन उभे राहिले. बाईंना त्यांच्या अत्तराचा वास आला आणि का कोण जाणे, त्या मागे सरकल्या. त्यांनी मॅडमचा हातच धरला. "बसमध्ये चला. सगळ्यांना आपापल्या जागी बसायला सांगा. पाच मिनिटं द्या मला, पाया पडते."

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि उठल्या.

सगळे बसले. बाई शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या. काठीवाले आणि त्यांची बायको तिथे होतेच. टोपी बाईंच्या हातून दोनदा निसटली. मग त्यांनी ती खिडकीजवळच्या रिकाम्या सीटच्या डोकं टेकायच्या उशीवर ओढून बसवली. घट्ट बसली. चिमटलेली दोन बोटं तंतोतंत उघडली. बाई पुढे आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या.

"मोज आता," त्या गाईडला म्हणाल्या.

गाईडनं पायरीवर उभं राहून सवयीप्रमाणे बोट नाचवलं. एकवीस, बावीस, तेवीस. बोट शेवटच्या रांगेशी थांबलं.

"चोवीस," तो म्हणाला, आणि मटकन खालीच बसला.

सगळ्यांत आधी हेडमास्तरांच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला.

"काठीवाले दादा," बाई पुढे बघतच म्हणाल्या. मागे वळायचा त्यांना धीर नव्हता. "तुम्ही दोघं वर मनोऱ्यावर होतात. घड्याळापाशी उभे होतात. त्या घड्याळाबद्दल हे काय म्हणाले?"

"काय म्हणणार? कौतुक केलं. म्हणाले, बघा, इतकी वर्षं झाली तरी मिनिटाचा फरक नाही."

"सर, तुमच्या हातातल्या घड्याळात किती वाजले?"

"चार वाजून दोन मिनिटं," हेडमास्तर म्हणाले.

"आणि बाहेर मनोऱ्यावर?"

बावीस मानी खिडकीकडे वळल्या. मनोऱ्यावर चारला नऊ मिनिटं कमी होती. अकरा मिनिटांचा फरक!

"दोन वाजता उतरले तेव्हाच मी पाहिलं होतं," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला. "चुकलेलं घड्याळ दिसलं की आमच्या यांच्या पोटात दुखतं. लग्नाच्या हॉलमधलं घड्याळ नीट करायला स्टुलावर चढलेला माणूस आहे तो! एवढं मोठं घड्याळ अकरा मिनिटं मागे आणि ते गप्प बसतील? त्यांनी पहारेकऱ्याचा जीव खाल्ला असता. त्या मनोऱ्यावर ते चढलेच नाहीत. तुम्ही एकटेच चढलात, टोपी खिशात घालून."

"या बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय," काठीवाले उठत म्हणाले. काठी त्यांनी मधोमध पकडली होती. ते रांगेच्या वाटेवर आले आणि बाईंना वाटलं, आता ती चांदीची मूठ आपल्या टाळक्यात बसणार. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"खाली बसा," मॅडम म्हणाल्या. आवाज मुळीच मोठा नव्हता. काठीवाले बसले.

"ते जलकुंडातच आहेत," बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांना हुंदका फुटला. "जमिनीखाली, म्हणून फोन लागत नाही. बारा वाजल्यापासून. अर्ध्या टोस्टवर. आणि दार मंगळवारी उघडणार आहे हो!"

तेव्हा ती मुकी वाटणारी बायको पहिल्यांदा बोलली. "पंपाच्या खोलीत," ती म्हणाली. नवऱ्याकडे तिनं बघितलंही नाही. "बाहेरून कडी आहे. यांनी त्यांना म्हटलं, इथे दिवा आहे, निवांत घड्याळ उघडून बघा. ते भिंग काढून खाली बसले, टोपी बाजूला ठेवली. झाकण उघडलं, तसे हे घड्याळ आणि टोपी उचलून बाहेर आले. म्हणाले, सौदा होईपर्यंतच. मी खूप सांगितलं यांना. त्यांचं जेवणही यांनीच खाल्लं."

"संध्याकाळी निनावी फोन करणार होतो मी," काठीवाले पुटपुटले.

"म्हणूनच टोपी नदीकडे टाकलीत का?" मॅडमनी विचारलं.

४

पोलिसांच्या गाडीत बाई सुयांची पिशवी आणि त्या सात गोळ्या छातीशी धरून बसल्या होत्या. सायरन वाजत होता, तरी रस्त्यातल्या गाड्या हटता हटत नव्हत्या. सुट्टी ना, सारं गाव बाहेर पडलेलं. चार वीस. चार पंचवीस. मीच घेतल्या काढून, बाई म्हणत होत्या, मीच. शेजारी बसलेल्या मॅडमनी त्यांना गप्प राहायला सांगितलं नाही.

पहारेकऱ्याचा फोन बंद होता. शेवटी साखळी कापावी लागली. त्याला सात मिनिटं लागली, आणि ती बाई कशा जगल्या त्यांचं त्यांनाच माहीत.

"ताई, तुम्ही वर थांबा, चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत," एक हवालदार म्हणाला.

ताई थांबतात होय! गुडघे गेले खड्ड्यात. कठडा धरून, बसत, घसरत त्या उतरत राहिल्या. खाली काळोख, पाण्याचा टपटप आवाज, आणि अशी थंडी की बोटं वळेनात. टॉर्चच्या उजेडात ओले खांब एकामागून एक पुढे येत होते. "अहो!" त्यांनी हाक मारली. हाक सगळीकडून परत आली, आणि उत्तर कुठूनच आलं नाही.

टोकाला लोखंडी दार होतं. हवालदारानं कडी काढली.

घड्याळजी भिंतीला टेकून बसले होते. मान छातीवर, सदरा घामानं चिंब, चेहरा खडूसारखा. बाईंचा पाय उंबऱ्यातच रुतला. संपलं, त्यांना वाटलं. सव्वीस वर्षांत शेवटचं बोलणं कशावरून झालं, तर पेपरमिंटवरून.

मग घड्याळजींची बोटं हलली.

बाई तिथेच ओल्या फरशीवर बसल्या. बरोबर आणलेलं ग्लुकोजचं पाणी त्यांनी थेंब थेंब करत ओठांत सोडलं. पहिलं ओघळून गेलं. दुसरं गिळलं गेलं. तिसऱ्याला डोळे अर्धे उघडले.

"अगं," ते म्हणाले. शब्द अडखळत येत होते. "त्या घड्याळात... आत सेल आहे. दोनशे वर्षांपूर्वी सेल... सरांना सांग."

"सांगते. आधी प्या."

त्यांच्या मुठीत काहीतरी चमकलं. बाईंनी मूठ उघडून पाहिली. पेपरमिंटचा कागद होता.

"सातच्या सात काढून घेतल्या होत्या मी," बाई म्हणाल्या.

"आठ होत्या," घड्याळजी म्हणाले. "एक भिंगाच्या डबीत. तू डबी कधी उघडत नाहीस. मघाशी डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा... चघळत बसलो. तुला शिव्या देत."

बाई हसायला गेल्या आणि त्यांना असं रडू कोसळलं की हवालदारसुद्धा दुसरीकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या खोलीत घड्याळजी सलाईन लावून झोपले होते. हेडमास्तर येऊन गेले, हात जोडून गेले. मॅडमही येऊन गेल्या. बस उरलेलं शहर बघायला निघून गेली होती. म्हणे गाईड आता एकेकाच्या सीटपाशी जाऊन चेहरा बघून मोजतो.

बाईंनी घड्याळजींचा सदरा मांडीवर घेतला होता. आतल्या बाजूनं, छातीशी, त्या एक लहानसा खिसा शिवत होत्या. निळा दोरा, दुहेरी टाका. खिसा झाल्यावर त्यांनी त्यात गोळ्या मोजून टाकल्या. चार टाकल्या, थांबल्या, आणि उरलेल्या तीनही टाकल्या.

"आता हॉटेलवर जाऊन पडा जरा," नर्स म्हणाली. "निदान त्या खिडकीजवळच्या कोचावर तरी. तिथे आरामात झोपाल."

बाईंनी कोचाकडे पाहिलं. तिथे आडवं झालं की पलंगाकडे पाठ व्हायची.

"नको," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून नवऱ्याच्या तोंडासमोर घेतली.